उभा बाण आडवा कुठे पडतो

चित्रकलेचा तास शाळेत कोणाचाही असतो, फक्त चित्रकलेच्या मास्तरचा नसतो. गणिताचा भाग मागे पडला की गणितवाले तो मागून नेत, पंधरा ऑगस्ट जवळ आला की पीटीवाले नेत, आणि साहेबांची तपासणी आली की मुख्याध्यापक मलाच वर्गाबाहेर काढून फळ्यावर 'सुस्वागतम्' लिहायला उभं करत. चंद्रपूरच्या एका हायस्कुलात मी ही नोकरी निवृत्तीपर्यंत केली. तिच्याबद्दल लिहायचं असतं तर चार ओळींत आटोपलं असतं. पण संपादकांनी मागितलं आहे ते माझ्या दुसऱ्या उद्योगाबद्दल, आणि तो मात्र मी जीव ओतून केला. ऐंशीच्या दशकात आमच्या भागातले नोकरी शोधणारे तरुण मला 'आकृतीवाले सर' म्हणत. माझं खरं नाव त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नसावं.

झालं असं की बँकांच्या कारकुनी भरतीच्या परीक्षेत तर्कशक्तीचा पेपर आला, आणि त्यात चित्रं आली. चौकोनात त्रिकोण, त्रिकोणाच्या डोक्यावर ठिपका, बाजूला अर्धा काळा गोल. इंग्रजी आणि गणित शिकवणारे गावात होते, पण या चित्रांपुढे तेही हात टेकायचे. एके दिवशी आमचे गणिताचे सर, ज्यांनी माझे तास सगळ्यांत जास्त खाल्ले होते, आपल्या मेहुण्यासाठी तसला पेपर घेऊन माझ्या घरी आले. "हे तुमच्या लाइनचं दिसून राह्यलं जी," म्हणाले. चहा पिता पिता मी पानभर प्रश्न सोडवून दिले. मेहुणा पास झाला. त्यानंतर शाळेत माझे तास कोणी मागितले नाहीत असं नाही, पण मागताना आवाज जरा खाली यायला लागला.

मग रविवारी सकाळी लोक घरी यायला लागले. घरात जागा नव्हती. आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना आटोपली की सतरंज्या तशाच ठेवायच्या आणि तिथेच वर्ग भरवायचा, असं वस्तीतल्या मंडळींनी ठरवून दिलं. विहाराच्या भिंतीला टेकून फळा उभा केला आणि माझी शाळा सुरू झाली. या शाळेत माझा तास कोणी मागणार नव्हतं.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. डावीकडे एका ओळीत काही आकृत्या असतात. प्रत्येकीत आधीच्यापेक्षा थोडं काहीतरी बदललेलं असतं. उजवीकडे उत्तराच्या आकृत्या असतात, त्यांतून पुढची कोणती ते निवडायचं. शब्द एकही नाही. लोकांना वाटतं याला अफाट बुद्धी लागते. लागतो तो धीर. आकृतीत बदलून बदलून काय बदलणार? एखादा भाग फिरेल, सरकेल, काळ्याचा पांढरा होईल, वाढेल, घटेल, नाहीतर आरशात पाहिल्यासारखा उलटेल. संपलं. पण नवखा माणूस सगळी आकृती एकदम बघतो आणि गांगरतो. मी सांगायचो, "लग्नात सगळं वऱ्हाड एकदम पाहान, तं नवरदेव कुठी दिसन? एकच माणूस धरा. तो कुठून उठला, कुठी जाऊन बसला, तेवढंच पाहा. बाकीच्याइले जेवू द्या."

माझ्याकडे एकेक नमुना यायचा. माजरीच्या कोळसा खाणीवर हजेरीबाबू असलेला देविदास नावाचा माणूस होता, माझ्यापेक्षा दोनचारच वर्षांनी लहान. त्याला बढतीची परीक्षा द्यायची होती. त्याला कोणतीही आकृती दाखवली की त्यात यंत्र दिसायचं. "सर, हे तं फावड्याच्या गाडीचा जबडा हाय," म्हणायचा, आणि जबडा उघडला की पुढे मिटणारच म्हणून उत्तर द्यायचा. गंमत अशी की बऱ्याचदा ते बरोबर यायचं. पोंभुर्ण्याकडचा एक धानशेतीवाल्यांचा पोरगा होता. विजोड आकृती ओळखायला सांगितली की तो सगळ्यांकडे एकदा प्रेमाने बघायचा आणि म्हणायचा, "सर, हे आकृती एकटी वाटून राह्यली." त्याला खरं तर कविता करायला पाठवायला हवं होतं. तो ग्रामसेवक झाला.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त भांडायला लावलं ते सगुणा मडावीने.

सगुणा एटापल्ली तालुक्यातल्या, सूरजागडच्या डोंगराखालच्या गावची. गोंड मुलगी. आश्रमशाळेत शिकून बी.ए. झाली होती आणि चंद्रपुरात मुलींच्या एका वसतिगृहात रोजंदारीवर स्वयंपाकाच्या कामाला होती, कारण तिथे राहायला खोली मिळायची. ती खोली होती म्हणून चंद्रपूर होतं, चंद्रपूर होतं म्हणून वर्ग होता. उन्हाळ्यात रोजंदारीची माणसं कमी करणार हे वसतिगृहाने सांगून टाकलं होतं. म्हणजे येणारी परीक्षा लागली तर लागली. नाहीतर ती गावी परत जाणार, आणि त्या काळी तिच्या गावाहून चंद्रपूरला यायचं म्हणजे आधी अर्धं जंगल पायी तुडवावं लागायचं.

बँकच का, असं मी तिला पहिल्या दिवशी विचारलं. सगळेच सांगतात तसं पक्की नोकरी, पंखा, खुर्ची असलं काही सांगेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आमच्या तालुक्याच्या गावी बँक निघाली सर. माही माय तेंदूपत्त्याचे पैसे काहाडाले गेली. तिले गोंडीशिवाय काही येत नाई, अन् तिथच्या बाबूले गोंडी येत नाई. तो तिले या खिडकीतून त्या खिडकीत धाडे. माय संध्याकाळी तशीच वापस आली. म्हणे, मले मुकी झाल्यासारखं वाटलं. मले त्या खिडकीत बसाचं हाय."

मी वर्गात बऱ्याच जणांची स्वप्नं ऐकली होती. इतकं नेमकं, खिडकीपर्यंत ठरवलेलं स्वप्न पहिल्यांदाच ऐकलं, आणि ही पोरगी लागलीच पाहिजे असं त्याच दिवशी माझ्या मनाने घेतलं.

तिचं इंग्रजी कच्चं होतं, काठावर पास होण्यापुरतं. आधीची परीक्षा त्यातच थोडक्यात हुकली होती. तिची सगळी भिस्त आकृत्यांवर होती आणि आकृत्यांत ती वाघीण होती. सरकणारे ठिपके, वाढणाऱ्या रेघा, पाण्यातलं प्रतिबिंब, काहीही द्या. जंगलात वाढलेल्या माणसाची नजर काय असते ते मी तिच्यात पाहिलं. पानाआड काही हललं की आधी तिला दिसायचं. फक्त एका जातीचे प्रश्न ती चुकायची आणि न चुकता चुकायची.

तो प्रश्न असा. पहिल्या चौकटीत एक उभी रेघ. दुसऱ्या चौकटीत तीच रेघ आडवी. तिसऱ्या चौकटीत एक उभा बाण, टोक वर. आता चौथ्या चौकटीत काय? उघड आहे, बाण आडवा होणार. उत्तरांत आडवे बाण दोन असतात, एकाचं टोक उजवीकडे आणि एकाचं डावीकडे. तुम्ही आत्ता मनातल्या मनात उजवीकडचा निवडला असेल. मीही तोच निवडत आलो होतो, वर्गातले सगळे तोच निवडायचे आणि पेपराच्या उत्तरसूचीतही तोच असायचा. सगुणा डावीकडचा निवडायची.

पहिल्यांदा मी घाईत चुकली म्हणून सोडून दिलं. दुसऱ्यांदा टोकलं. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं.

"बाण डाव्या अंगाले काऊन नेला तू?"

"मंग कुठी नेऊ?"

"उजव्या अंगाले."

"काऊन?"

मी सांगायला म्हणून पुन्हा फळ्याकडे वळलो. वर्ग माझ्याकडे बघत होता. काऊन? रेघ उभी होती ती आडवी झाली. ती उजवीकडून पडली की डावीकडून, हे प्रश्नात कुठेच लिहिलेलं नव्हतं. रेघेला तोंड नसतं. इतकी वर्षं मी हा प्रश्न सोडवत होतो, शिकवत होतो, आणि त्याची दोन उत्तरं बरोबर आहेत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तरी मास्तर तो मास्तर. मी म्हणालो, "काऊन म्हणजे? घड्याळ असंच फिरते म्हणून."

"आमच्या घरी घड्याळ नाई सर."

देविदास हसला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा त्याच्या जबड्यात गुंतला. सगुणा मात्र हसत नव्हती की उद्धटपणेही बोलत नव्हती. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं. ती उठली आणि सतरंजीवर चालून दाखवू लागली. "आमच्यात लग्नात नवरा-नवरी खांबाभोवती अशे फिरतेत. रेला नाचतानी बाया हातात हात धरून अशाच फिरतेत." ती घड्याळाच्या उलट फिरत होती. "लहानपनापासून पाय असेच पडतेत. कोनती बी वस्तू फिरव म्हटलं तं माह्या मनात ते अशीच फिरते. वेल बी झाडावर अशीच चढते. तुम्ही जंगलात जाऊन पाहा."

जंगलात जायची गरज पडली नाही. त्या दिवशी घरी गेलो तर परसात बायकोने लावलेला वाल काठ्यांवर चढत होता. मी वाकून बघितलं. पहिली वेल सगुणाच्या बाजूची निघाली. दुसरीही. मी एक कोवळं टोक सोडवून उजव्या बाजूने गुंडाळून ठेवलं, म्हटलं बघू. बायको म्हणाली, "वालाले कायले छळता?" दुसऱ्या दिवशी ते टोक सुटून लोंबत होतं आणि नंतर आपल्या चालीने पुन्हा काठीला लागलं. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. चित्रकलेचा मास्तर, इतकी वर्षं वेलबुट्टी काढत आलो आणि वेल कुठून वळते ते कधी पाहिलं नव्हतं.

पण पुढच्या रविवारी मी सगुणाला म्हणालो, "वेल तुह्या बाजूनं हाय, मी पाह्यलं. पर वेल नोकरी देत नाई. बँक देते. पेपर काढनारा माणूस घड्याळवाला हाय."

"बँकेत बाण फिरवा लागते का सर?"

"नाई. पर बँकेत शिराचं असन तं फिरवा लागते."

हे बोललो खरं, पण मला ते गोड वाटलं नाही. बँकेच्या चेकवर, पावत्यांवर, खातेवहीत कुठेही आडवा बाण नसतो हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. या परीक्षांनी माझं घर भरलं नाही तरी मान भरून दिला, पण किती शहाणी माणसं असल्या बाणांनी दाराबाहेर ठेवली असतील, हा विचार त्यानंतर मला कायमचा चिकटला.

मग आम्ही तयारीला लागलो. साबणाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे बाण कापून मी ते फळ्याच्या चौकटीवर बारीक खिळ्याने बसवले होते, बोटाने फिरवता यायचे. सगुणा वर्गाआधी येऊन ते उजवीकडे फिरवत बसायची. सावकाश करायला दिलं की बरोबर यायचं. वेळ लावून करायला दिलं की हात आपल्या चालीवर जायचा आणि बाण डावीकडे. एकदा तर उजवीकडे न्यायचं या धास्तीने तिने साधे, कधी न चुकणारे प्रश्नही चुकवले. त्या दिवशी ती पेपर मिटून म्हणाली, "सर, मले आता उभी वस्तू पाह्यली का भेव लागते." त्या वेळी मी मनातून हादरलो. तिचं जे चांगलं होतं तेच मी बिघडवायला निघालो होतो की काय.

देविदासनेच तोडगा सुचवला. "सर, तिच्या हाताले घड्याळ बांधून द्या ना. पेपरमंदी अडली का खाली पाहीन, काटा कुठी चालला ते." कल्पना सोपी होती. परीक्षेला नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी मी माझं मनगटी घड्याळ सगुणाला दिलं. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं, जाड पट्ट्याचं, तबकडीवर आकड्यांऐवजी नुसते ठिपके असलेलं. तिच्या मनगटावर ते बांगडीसारखं फिरत होतं, तरी तिने वरून सुतळीचा वेढा देऊन पक्कं केलं. वेळ बघण्यासाठी नाही, दिशा बघण्यासाठी घड्याळ नेणारी नागपूरच्या केंद्रावर ती एकटीच असेल.

ती परत आली ती थेट विहारात. वर्ग चालू होता. तिने घड्याळ सोडून माझ्यापुढे ठेवलं. काटे थांबलेले होते.

"हे तं बंद पडलं होतं सर. पेपर हातात आला अन् पाह्यलं तं काटा हालेना."

मी कपाळावर हात मारला. चावी. त्या घड्याळाला रोज सकाळी चावी द्यावी लागायची. मी इतकी वर्षं आंघोळीनंतर न चुकता देत होतो, त्यामुळे ते सांगायचं असतं हेच मला सुचलं नव्हतं.

"मंग आला का तसला प्रश्न?"

"आला ना. ऐन मधात आला."

"मंग काय केलं?"

सगुणाने ओढणीने कपाळ पुसलं. "आधी तं घड्याळ हालवून पाह्यलं. मंग डोये मिटले. मनात मायचा हात धरला, रेला नाचून पाह्यली. पाय जिकडं चालले ते नीट पाह्यलं, अन् बाण त्याच्या उलट्या अंगाले दिला."

मी फळ्याकडे तोंड करून खडू शोधत राहिलो, कारण डोळे भरून आले होते आणि खडू तर हातातच होता. मी तिला महिनाभर तिची चाल विसरायला शिकवत होतो. तिने ती सोडली नाही, तिचाच मोजमाप म्हणून उपयोग केला. मी तिला इतकंच विचारलं, "इंग्रजी कसं गेलं?" ती म्हणाली, "बेकार." त्यावर सगळे हसले आणि मला खडू सापडला.

निकालाला उशीर झाला. दरम्यान वसतिगृहाने रोजंदारीची माणसं कमी केली, सगुणा गावी गेली आणि रविवारी तिच्या जागेवर दुसरं कोणी बसू लागलं. मला मात्र चैन नव्हतं. देविदास त्याच्या परीक्षेत पास होऊन पेढे घेऊन आला तेव्हाही मी त्याला पहिलं तिच्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, "पेढा तं खा आधी, माहा बी निकाल लागला हाय." बरोबरच होतं त्याचं. शेवटी एके दिवशी सगुणाच्या तालुक्यातून आलेल्या एका शिक्षकाने निरोप आणला की ती लेखी पास झाली, मुलाखतही झाली आणि नेमणूक आली आहे. नेमणूक आली होती वाशिमला. तिच्या डोंगरापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब. मी बँकेच्या नावाने बोटं मोडली. बायको म्हणाली, "लागली ना? मंग कायले कुरकुर करता?" पण लागणं वेगळं आणि त्या खिडकीत बसणं वेगळं, हे तिला कसं सांगणार.

पुढे माझा वर्ग चालूच राहिला. तसला दोन उत्तरांचा प्रश्न आला की मी आधी सांगायचो, "इथी दोन उत्तरं बरोबर हायत. पेपरवाल्याले एकच माहीत हाय. त्याले तेवढं द्या अन् पुढं चला." काहींना वाटे मास्तर गंमत करतोय.

दशक सरता सरता चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचा पर्यवेक्षक म्हणून मला एटापल्लीला धाडलं. शाळेचा एक ड्राफ्ट काढायचा होता, म्हणून सकाळीच बँकेत गेलो. आत बरीच गर्दी होती. तेंदूपत्त्याचा हंगाम संपला होता आणि खेड्यापाड्यांतून बायामाणसं आली होती. जाळीच्या खिडकीमागे सगुणा बसली होती. अंगाने थोडी भरली होती, डोळ्यांवर चष्मा होता. तिची बदली झाल्याचं मला कोणी कळवलं नव्हतं. मी मास्तरांच्या सवयीने, रांगेच्या बाजूने सरळ खिडकीशी गेलो. तिने मान वर केली, मला ओळखलं, आणि सगळा चेहरा हसला.

"सर, तुम्ही? बसा, चहा सांगतो. पर कामाचं असन तं लायनीत या. ह्या बाया रात्रीपासून पायी आल्या हायत."

मी मुकाट्याने मागे गेलो आणि रांगेच्या शेवटी उभा राहिलो. पुढे खिडकीतून सगुणाचा आवाज येत होता, गोंडीतून, भराभर, मधेच कोणाला दटावत, मधेच हसत. एकेक बाई बोलायची, हुज्जत घालायची, काहीतरी पुन्हा विचारायची आणि समाधानाने बाजूला व्हायची. माझ्या पुढच्या म्हातारीने वळून मला काहीतरी विचारलं. मी नुसता बघत राहिलो. तिने पुन्हा विचारलं. मग तिने पुढच्या बाईला काहीतरी सांगितलं आणि सगळी रांग माझ्याकडे बघून हसली. मीही हसलो. त्या अख्ख्या बँकेत काही न समजणारा मी एकटाच होतो, आणि मला फार बरं वाटत होतं.